उत्प्रेरकी अभिक्रियेचा लगाम कोणत्या पायरीच्या हाती? शोधायचं कसं, पहिल्यापासून

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न: वेगनियंत्रक पायरी म्हणजे काय? ठरलेलं उत्तर: "सर, सगळ्यात हळू चालणारी पायरी." मग मी कागदावर तीन पायऱ्यांची साखळी काढतो. विचारतो, स्थिर अवस्थेत पहिल्या पायरीतून सेकंदाला निव्वळ शंभर रेणू पुढे सरकत असतील, तर तिसरीतून किती? विद्यार्थी जरा थांबतो आणि म्हणतो, "शंभरच." बरं, मग हळू कोण?

स्थिर अवस्थेत एका रांगेतल्या सगळ्या पायऱ्यांचा निव्वळ वेग सारखाच असतो. फरक असतो तो पुढे-मागे होणाऱ्या ये-जा मध्ये. समतोलाजवळच्या पायरीत दहा हजार रेणू पुढे जातात आणि नऊ हजार नऊशे परत येतात, हाती उरतात शंभर. वेगनियंत्रक पायरीत शंभराच्या आसपास जातात आणि परत जवळजवळ कुणीच येत नाही. म्हणून "हळू कोण" असं विचारायचंच नाही. विचारायचं ते हे: कोणत्या पायरीला थोडं ढकललं तर एकूण वेग हलतो? खालची सगळी खटपट याच एका प्रश्नासाठी आहे.

उदाहरण म्हणून प्लॅटिनमवरचं कार्बन मोनॉक्साइडचं (पुढे नुसतं सीओ) ऑक्सिडेशन घेऊ. गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये हेच चालतं. अर्विंग लँगम्यूर यांनी १९२२ साली याचा अभ्यास मांडला, आणि तेव्हापासून ही अभिक्रिया शिकणाऱ्यांना चकवत आली आहे. मध्येच अमोनियाकडेही वळू, कारण काही गोष्टी तिथेच नीट दिसतात.

आधी गोळी फोडा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका हायड्रोजनेशनचा अऱ्हेनियस आलेख (तापमानाबरोबर वेग कसा बदलतो ते दाखवणारा, ज्याच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा म्हणजे ओलांडायचा ऊर्जेचा डोंगर कळतो) काढला होता. सगळे बिंदू एका रेषेत, सक्रियण ऊर्जा पन्नासच्या आसपास किलोज्यूल. मी खूश. सरांनी आलेखाकडे नीट पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "गोळी फोडलीस का?" उत्प्रेरकाची सच्छिद्र गोळी मी तशीच वापरली होती, फोडली नव्हती. मग तोच उत्प्रेरक खलात कुटला, बारीक जाळीतून चाळला आणि पुन्हा क्वार्ट्‌झ वूलच्या दोन बोळ्यांमध्ये भरला. वेग वाढला, आणि सक्रियण ऊर्जा जवळजवळ दुप्पट निघाली. तीन महिने मी छिद्रांमधलं विसरण (रेणूंचं आत-बाहेर झिरपणं) मोजत होतो, अभिक्रिया नव्हे.

छिद्रांतलं विसरण आडवं आलं की वरवरची सक्रियण ऊर्जा खऱ्याच्या साधारण निम्मी दिसते. कोटीही (दाबाच्या कितव्या घाताने वेग बदलतो तो आकडा) १ कडे सरकते: खरी कोटी शून्य असेल तर अर्धी दिसते, दोन असेल तर दीड. आलेख मात्र छान सरळ येतो, म्हणूनच फसायला होतं.

तेव्हा यंत्रणेबद्दल एक अक्षर लिहिण्याआधी एवढं करून घ्या. कणांचा आकार निदान दोनदा बदला आणि दर ग्रॅममागचा वेग तोच राहतो का बघा. उत्प्रेरकाचं वजन आणि वायूचा प्रवाह एकाच प्रमाणात वाढवा. संपर्ककाळ तोच असूनही रूपांतर बदललं, तर कणाबाहेरच्या थरातली वाहतूक आड येते आहे. वाइझ-प्रेटर निकषाचा आकडा काढा; तो मोजलेल्या वेगाची विसरणाच्या वेगाशी तुलना करतो. तो ०.३ च्या खाली असेल तर सहसा काळजी नसते. अभिक्रिया उष्णता सोडणारी असेल तर उत्प्रेरकात सिलिकॉन कार्बाइड मिसळून थर विरळ करा, नाहीतर थर्मोकपल एक तापमान सांगेल आणि धातूचा कण भलत्याच तापमानावर असेल.

यात सगळ्यात भरवशाची मला मॅडन-बूदार कसोटी वाटते. एकाच आधारावर (धातू ज्यावर पसरवतात त्या पदार्थावर) धातूचं प्रमाण वेगवेगळं, पण कणांचा आकार सारखा, असे दोन नमुने करा. दोन तापमानांना दर सक्रिय जागेमागचा वेग मोजा. दोन्ही तापमानांना आकडे जुळले तर वाहतुकीचा प्रश्न मिटला. काम कंटाळवाणं आहे, नमुने बनवण्यातच आठवडा जातो. पण परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतो.

सीओच्या बाबतीत एक गंमत लक्षात असू द्या. सीओ जास्त असेल तेव्हा या अभिक्रियेची सीओमधली कोटी ऋण असते, म्हणजे सीओ कमी झाला की वेग वाढतो. छिद्राच्या आत सीओ कमी पोचत असेल तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा जोरात चालतो. गोळी फोडल्यावर वेग वाढण्याऐवजी घटलेला दिसू शकतो. त्याने गोंधळून जाऊ नका. बदल झाला हाच इशारा, दिशा कोणतीही असो.

पायऱ्या कागदावर मांडा

आता सगळ्या मूलभूत पायऱ्या लिहा. प्रत्येक पायरी एकाच टक्करीत घडेल इतकी साधी हवी, आणि शेवटी मोकळी जागा परत मिळून चक्र पूर्ण व्हायला हवं. प्लॅटिनमवर असं:

१. सीओ मोकळ्या जागेवर बसतो, उठतोही.
२. ऑक्सिजनचा रेणू मोकळ्या जागेवर येतो आणि तुटून दोन अणू होतात.
३. शेजारचा सीओ आणि ऑक्सिजनचा अणू जुळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि लगेच उडून जातो.

प्रत्येक पायरीसमोर ती एका पूर्ण चक्रात किती वेळा घडते तेही लिहा. इथे दुसरी एकदा घडते, पहिली आणि तिसरी दोनदा. हा किरकोळ वाटणारा आकडा जपानी रसायनशास्त्रज्ञ होरिउती यांनी यंत्रणा ओळखण्याचं हत्यार म्हणून वापरला. अमोनियाच्या चक्रात नायट्रोजन एकदाच तुटतो, पण नायट्रोजन अणूला हायड्रोजन दोनदा जोडावा लागतो. त्यामुळे मोजलेला अंक एक येतो की दोन, यावरून संशयितांची यादी अर्धी होते.

कोटी मोजा, आणि प्रामाणिकपणे मोजा

एका वायूचा आंशिक दाब बदला, बाकीचे तसेच ठेवा, एकूण दाबाची भरपाई हेलियमने करा. वेग आणि दाब दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढा. उतार म्हणजे कोटी. दाब जमल्यास दहापट पल्ल्यात फिरवा. दीडपट पल्ल्यात काढलेली कोटी म्हणजे अंदाजपंचे. मोजणीचा क्रम चढता ठेवू नका, उलटसुलट करा. दर तीन-चार मोजण्यांनंतर पहिल्या स्थितीवर परत या. तो आकडा घसरला असेल तर उत्प्रेरक मरतो आहे, आणि तुमच्या कोटीत त्याचं मरण मिसळलं आहे.

रूपांतर दहा टक्क्यांच्या खाली ठेवा हा नियम सगळे सांगतात. उत्पादन स्वतःच वेग दाबत असेल तर तेवढ्याने भागत नाही. अमोनियात नळीच्या तोंडाशी अमोनिया शून्य आणि शेवटी काही अंश, म्हणजे एकाच थरात वेगाचे नाना प्रकार. उपाय सोपा: थोडा अमोनिया आधीच वायूत मिसळून सोडा. दोन्ही टोकांना दाब साधारण सारखा होतो आणि उत्पादनाची कोटीही मोजता येते. ही कोटी मोजायची राहून गेलेले प्रबंध मी कितीतरी पाहिले आहेत.

सीओ भरपूर असताना प्लॅटिनमवर साधारण हे दिसतं: ऑक्सिजनचा दाब दुप्पट केला की वेग दुप्पट, सीओचा दुप्पट केला की वेग निम्मा. ऑक्सिजनची कोटी एक, सीओची उणे एक. इन्फ्रारेडमध्ये २०५० ते २१०० प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्यात सीओचं ठळक शिखर दिसतं, म्हणजे पृष्ठभाग सीओने गच्च भरला आहे. ऋण कोटीचा अर्थ हाच: जो वाढवल्याने वेग घटतो, तो जागा अडवून बसला आहे.

मात्र पृष्ठभागावर गर्दी कुणाची आहे यावरून वेगनियंत्रक पायरी ठरवू नका. पाहुण्यांनी भरलेल्या घरात काम अडवणारा पाहुणाच असतो असं नाही.

सक्रियण ऊर्जेचा चकवा

याच स्थितीत सक्रियण ऊर्जा मोजली तर ती शंभरच्या वर किलोज्यूल प्रति मोल येते. सीओ प्लॅटिनमवरून सुटायला लागणारी ऊर्जाही त्याच घरात. मग निष्कर्ष आपसूक निघतो: सीओचं उठून जाणं हीच वेगनियंत्रक पायरी! कित्येक नोट्समध्ये असंच छापलेलं असतं.

लोकलच्या गर्दीची कल्पना करा. डब्यातून एक माणूस उतरला, एक जागा रिकामी झाली. ती कोण पटकावतो? प्रत्येक वेळी ऑक्सिजनच पटकावत असेल, तर वेग फक्त उतरणाऱ्यांवर ठरेल आणि दारात ऑक्सिजन कितीही वाढला तरी फरक पडणार नाही. ऑक्सिजनची कोटी शून्य येईल. आपण तर ती एक मोजली. म्हणजे रिकाम्या जागेवर बहुतेक वेळा दुसरा सीओच येऊन बसतो, आणि ऑक्सिजनला क्वचित संधी मिळते. सीओची ये-जा समतोलात आहे. लगाम ऑक्सिजनच्या बसण्या-तुटण्याच्या हाती आहे.

मग ती शंभरच्या वरची ऊर्जा कुठून आली? मोकळ्या जागांची संख्या सीओच्या समतोल स्थिरांकावर अवलंबून असते. तापमान वाढलं की जागा मोकळ्या होतात. वेग हा ऑक्सिजनच्या दाबाला सीओच्या दाबाने आणि त्या समतोल स्थिरांकाने भागून येतो. त्यामुळे मोजलेल्या ऊर्जेत ऑक्सिजनच्या पायरीची स्वतःची छोटी ऊर्जा अधिक सीओची अधिशोषण उष्णता (पृष्ठभागावर बसताना सुटणारी) अशी बेरीज असते. आकडा सीओचा, पायरी ऑक्सिजनची.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं कन्व्हर्टर जवळजवळ निकामी असतो तो याचमुळे: प्लॅटिनम आहे, ऑक्सिजन आहे, पण बसायला जागा नाही. आता मिश्रण उलटं करा, ऑक्सिजन भरपूर आणि सीओ अगदी थोडा. सीओची कोटी उणे एकवरून अधिक एककडे जाते आणि लगाम सीओच्या येण्याकडे सरकतो. धातू तोच, पायऱ्या त्याच.

समस्थानिकांना साक्षीला बोलवा

कोटी आणि ऊर्जा दोन-तीन यंत्रणांना एकाच वेळी बसतात तेव्हा समस्थानिक कामी येतात. कार्बन-हायड्रोजन बंध तुटणं वेगनियंत्रक असेल तर हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (त्याचं जड समस्थानिक) घातल्यावर वेग घटायला हवा. खोलीच्या तापमानाला हे गुणोत्तर साधारण सातापर्यंत जाऊ शकतं, ५०० केल्विनला तीनच्या आसपास, आणि त्याहून वर आणखी कमी. त्यामुळे तापलेल्या भट्टीत सात मिळाले नाहीत म्हणून हिरमुसू नका.

मिथेनच्या रिफॉर्मिंगमध्ये (मिथेनपासून हायड्रोजन आणि सीओ काढण्यात) हा पुरावा फार स्वच्छ मिळाला. वाफ घ्या की कार्बन डायऑक्साइड, त्यांचा दाब वाढवा की घटवा, समतोलापासून दूर असताना वेग फक्त मिथेनच्या दाबाशी बांधलेला राहतो, आणि ड्युटेरियमवालं मिथेन घेतलं की घटतो. पहिला कार्बन-हायड्रोजन बंध तुटला की बाकी सगळं आपोआप होतं.

दुसरी युक्ती अदलाबदलीची. हायड्रोजन आणि ड्युटेरियम एकत्र सोडा. मुख्य अभिक्रियेपेक्षा कितीतरी वेगाने मिश्र रेणू तयार होत असतील, तर हायड्रोजनचं तुटणं-जुळणं समतोलात आहे, त्याचं नाव यादीतून काटा. हे दोन तासांचं काम आहे आणि महिनाभराचा वाद मिटवतं.

थोडं अमोनियाकडे

लोखंडावर अमोनिया बनताना नायट्रोजनचं तुटणं ही वेगनियंत्रक पायरी, हे आज शाळकरी पुस्तकातही सापडतं. पण ते ठरलं कसं ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीतला ओपाऊचा अमोनिया कारखाना १९१३ साली सुरू झाला, थळला किंवा तुर्भ्याला आज जे अमोनिया प्रकल्प आहेत त्यांचा तो मूळपुरुष. कारखाना चालला तरी आत काय घडतं हे बरीच वर्षं कळलं नव्हतं. १९३० च्या दशकात एमेट आणि ब्रुनाउअर यांनी लोखंडावर नायट्रोजन किती वेगाने बसतो ते मोजलं आणि तो वेग अमोनिया तयार होण्याच्या वेगाच्या घरात निघाला. १९४० साली टेमकिन आणि पिझेव्ह यांनी वेगाचं समीकरण दिलं.

त्या समीकरणात हायड्रोजनचा घातांक दीडपर्यंत येतो, आणि अमोनियाचा ऋण. नायट्रोजन तुटताना हायड्रोजनचा हातही लागत नाही, मग हा घातांक आला कुठून? पृष्ठभाग नायट्रोजन अणूंनी भरलेला असतो. हायड्रोजन त्यांना अमोनिया करून हटवतो, अमोनिया उलट त्यांना परत बसवतो. हायड्रोजन वेग वाढवतो तो जागा साफ करून. कोटी मोठी म्हणून तो घटक वेगनियंत्रक पायरीत आहे, असं म्हणता येत नाही. ड्युटेरियम घेतल्यावर तर वेग घटण्याऐवजी वाढलेला आढळला होता. पृष्ठभागावरचा समतोल सरकला की असंही होतं.

शेवटचा खिळा पृष्ठविज्ञानाने ठोकला. सोमोर्जाई यांच्या गटाने लोखंडाच्या स्फटिकाचे तीन वेगवेगळे चेहरे घेऊन २० वातावरण दाबाखाली वेग मोजले. एक-एक-एक, एक-शून्य-शून्य आणि एक-एक-शून्य (स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगणारी नावं) या चेहऱ्यांच्या वेगांचं प्रमाण ४१८ : २५ : १ आलं. गेऱ्हार्ड एर्टल यांनी याच चेहऱ्यांवर नायट्रोजन तुटण्याचा वेग मोजला होता, त्याचाही क्रम तोच. एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं. त्यांच्या मोजमापातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: सर्वांत क्रियाशील चेहऱ्यावर नायट्रोजन तुटण्याची निव्वळ सक्रियण ऊर्जा जवळजवळ शून्य निघते. पायरी अडते ती डोंगर उंच असल्यामुळे नव्हे. लाखो धडकांमधून एखादाच रेणू चिकटतो, म्हणून. ऊर्जेच्या आराखड्यात सर्वांत उंच शिखर शोधून त्यावर बोट ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण टेबलावर चिकटवून ठेवावं.

आकड्यात पकडा

एवढं झाल्यावर सगळ्या पायऱ्यांचं प्रतिमान (मॉडेल) संगणकात घाला आणि प्रत्येक पायरीचा वाटा मोजा. चार्ल्स कॅम्पबेल यांनी १९९४ साली त्यासाठी "डिग्री ऑफ रेट कंट्रोल" ही राशी मांडली. कृती अशी: एका पायरीचा पुढचा आणि मागचा, दोन्ही वेगस्थिरांक एक टक्क्याने वाढवा, बाकी काही हलवू नका, आणि एकूण वेग किती टक्के वाढला ते पाहा. पूर्ण एक टक्का वाढला तर वाटा एक, म्हणजे लगाम सर्वस्वी तिच्या हाती. काहीच बदललं नाही तर शून्य.

सरावासाठी हे खेळण्यातलं उदाहरण वहीवर सोडवा, आकडे मी सोयीचे घेतले आहेत. पहिली पायरी: वायू जागेवर बसतो (बसण्याचा वेगस्थिरांक गुणिले दाब = १, उठण्याचा = ९). दुसरी: बसलेला रेणू उत्पादन होऊन निघून जातो, परत येत नाही (४०). वेग = बसण्याचा आकडा गुणिले ४०, भागिले तिन्ही आकड्यांची बेरीज. म्हणजे ४० भागिले ५०, ०.८.

पहिली पायरी ढकला: १ चे १.०१ आणि ९ चे ९.०९. वेग ०.८०६४, वाढ ०.८ टक्के. वाटा ०.८. दुसरी ढकला: ४० चे ४०.४. वेग ०.८०१६, वाढ ०.२ टक्के. वाटा ०.२. बेरीज एक. साध्या एकपदरी चक्रात बेरीज नेहमी एक येते, नाही आली तर कुठेतरी चुकलं आहे. बहुतेकदा चूक एकच असते: पुढचा स्थिरांक वाढवला, मागचा विसरला. इथे तसं केलं तर पहिलीचा वाटा ०.९८ दिसतो आणि बेरीज १.१८ होते. तुम्ही पायरी ढकलली नाही, तिचा समतोलच बदललात.

आता दाब शंभरपट करा. बसण्याचा आकडा १०० होतो, बाकी तेच. पहिलीचा वाटा घसरून ०.२७, दुसरीचा चढून ०.७३. लगामाची अदलाबदल झाली आणि आपण हात लावला तो फक्त वायूच्या नळाला. म्हणून अहवालात "वेगनियंत्रक पायरी अमुक" एवढंच लिहू नका, तापमान, दाब आणि मिश्रण सोबत लिहा. वाटा ०.६ आणि ०.४ असा विभागला असेल तर तसाच लिहा, मोठ्याला विजेता घोषित करायची काही गरज नाही.

प्रतिमानातले स्थिरांक संगणकीय रसायनशास्त्रातून आणले असतील तर हात राखून विश्वास ठेवा. ऊर्जेत १० किलोज्यूलची चूक सहज होते, आणि ५०० केल्विनला तेवढ्याने वेगस्थिरांक सुमारे अकरापट बदलतो. २० किलोज्यूल चुकले तर शंभरपटीहून जास्त. म्हणून अडथळ्यांच्या ऊर्जा त्या चुकीच्या पल्ल्यात वरखाली करून वाटे पुन्हा काढा. वाटे उड्या मारत असतील तर निकाल प्रयोगाकडूनच घ्या.

मग मुद्दाम मोडून बघा

यंत्रणा जुळली की तिच्याकडून असं भाकीत काढा जे तुम्ही अजून मोजलेलं नाही, आणि ते मोजा. प्लॅटिनम-सीओच्या बाबतीत आपला दावा असा आहे की अडचण ऑक्सिजनला जागा न मिळण्याची आहे. मग ऑक्सिजनला सीओ जिथे बसत नाही अशी स्वतंत्र जागा दिली तर सीओची उणे एक कोटी शून्याकडे सरकायला हवी आणि अभिक्रिया कमी तापमानाला सुरू व्हायला हवी. प्लॅटिनमला सिरिया (सेरियम ऑक्साइड) किंवा लोह ऑक्साइडचा आधार दिल्यावर नेमकं हेच दिसतं: धातूवर सीओ, शेजारच्या ऑक्साइडवर ऑक्सिजन, आणि गाठ दोघांच्या सीमेवर. दावा टिकला. पण त्या नव्या उत्प्रेरकावर लगाम आता कुणाकडे आहे हे वरच्या मोजण्यांतून कळणार नाही. तिथे पुन्हा खल-बत्ता काढा आणि गोळी फोडण्यापासून सुरुवात करा.